निम्मी मालमत्ता

एखाद्या प्रदेशात एक धर्म वाढतो आणि दुसरा आटतो, तेव्हा आटलेल्या धर्माच्या लोकांना काय म्हणावे? ते हरले, की विकले गेले, की त्यांनी आपल्या मर्जीने वाट बदलली? आणि वाढलेल्या धर्माला तरी काय म्हणावे? त्याने हिसकावून घेतले, की लोकांनीच त्याला आपण होऊन दिले? लहान समाजात जन्मलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, तसा तो आपल्यालाही पडत आला आहे. परंतु आपल्या घरातली गोष्ट आपल्यालाच नीट दिसत नाही. म्हणून, वाचकहो, आज आपण हा प्रश्न दुसऱ्याच्या घरात नेऊन पाहू. ते घर कुवेतच्या किनाऱ्यावर आहे.

कुवेत शहराच्या पश्चिमेला लागून शुवैख नावाचा भाग आहे. मोठे बंदर, विद्यापीठाच्या जुन्या इमारती, इस्पितळे आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांच्या रांगा, असे त्याचे रूप आहे. आपल्या मुंबईकर वडीलधाऱ्यांना हा किनारा अगदीच परका नव्हता. कुवेतची गलबते खजूर घेऊन मुंबईला येत, तेथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६१ पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालत असे. याच शुवैखजवळ समुद्रात अक्काझ नावाचे एक छोटे बेट होते. पुढे भराव पडून ते जमिनीला जोडले गेले. १९९० नंतरच्या दशकात फ्रेंच संशोधकांनी तेथे खोदकाम केले, तेव्हा एका जुन्या चर्चचे अवशेष हाती लागले. त्याआधी, १९८९ मध्ये, उपसागराच्या तोंडाशी असलेल्या फैलका बेटावर अल्-कुसूर या जागी एक मोठे चर्च उजेडात आले होते. त्याच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात काढलेले क्रूस होते. आजूबाजूला लहान लहान घरांची वस्ती होती. तो एक मठ असावा असे अभ्यासक मानतात. सौदी अरबस्तानातील जुबैल, अबुधाबीजवळचे सर बनी यास आणि उम्म अल्-कुवैनचे सिनिया बेट येथेही असेच चर्च आणि मठ निघाले आहेत.

याचा अर्थ असा की आज जो किनारा संपूर्णपणे मुसलमानी म्हणून ओळखला जातो, तेथे एके काळी ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने राहत होते. त्यांच्या प्रदेशाला सुरयानी भाषेत बेथ कत्राये म्हणत. त्यात कतर, बहरीन, दारीन आणि हजर हे भाग येत, आणि कुवेतचा उपसागर त्याच्या उत्तरेला लागून होता. सुरयानी म्हणजे अरामीचीच एक बोली. आपण कद्दीश म्हणतो ती अरामी त्या लोकांच्या कानाला परकी वाटली नसती. हे लोक रोमच्या पोपला मानणारे नव्हते; इराकमध्ये राहणारा ‘कॅथोलिकोस’ हा त्यांचा धर्मप्रमुख. युरोपीय ग्रंथांत त्यांना नेस्तोरीय म्हटले आहे. ते तेथे एकटेही नव्हते. पारशी धर्माचे लोक होते, मूर्तिपूजक अरब टोळ्या होत्या, आणि ज्यूही होते.

सातव्या शतकात इस्लाम आला. इ. स. ६३० च्या सुमारास हजरच्या भागात अनेक जण मुसलमान झाले. जे झाले नाहीत त्या ज्यू, ख्रिस्ती आणि पारशी लोकांनी जिझिया देण्याचे कबूल करून आपापला धर्म ठेवला, असे मुसलमान इतिहासकारच सांगतात. इ. स. ६३३ मध्ये कुवेत उपसागराच्या उत्तर काठावर, काझिमाजवळ, खालिद बिन वलीदने इराणच्या सासानी सैन्याचा पराभव केला. पुढच्या वीस वर्षांत सासानी साम्राज्यच उरले नाही. राज्य बदलले.

परंतु राज्य बदलले म्हणून लोकांचा धर्म एका रात्रीत बदलत नाही. अल्-कुसूरचे चर्च इस्लामच्या आधीचे असणार असे पूर्वी धरून चालत. अलीकडच्या उत्खननांनंतर अभ्यासक त्या वस्तीचा मुख्य काळ सातव्या ते नवव्या शतकात धरतात. म्हणजे मुसलमानी अमलाखाली तेथे घंटा वाजत होती, साधू प्रार्थना करीत होते, आणि नवा गिलावाही चढत होता. याच प्रदेशात जन्मलेला आणि पुढे निनवेचा इसहाक म्हणून प्रसिद्ध झालेला साधू त्याच सातव्या शतकातला. त्याचे ग्रंथ आजही ख्रिस्ती मठांमधून वाचले जातात. रिचर्ड बुलिएट या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ च्या आपल्या ग्रंथात इराणमधील घराण्यांच्या वंशावळींतील नावे तपासून दाखविले की तेथे बहुसंख्य लोक मुसलमान व्हायला दोन-तीनशे वर्षे लागली. आजोबांचे नाव जुने, बापाचे नाव दोन्हीकडे चालेल असे आणि नातवाचे नाव अरबी, अशा पायऱ्यांनी हे घडत गेले. तेव्हा तलवारीच्या एका घावात सगळे संपले हे चित्र खरे नाही. आणि सगळे केवळ प्रेमाने घडले हेही चित्र खरे नाही. खलिफा उमरच्या काळात नजरानच्या ख्रिस्ती लोकांना आणि खैबरच्या ज्यूंना आपली गावे सोडावी लागली, हे विसरता येत नाही. त्याचबरोबर, त्याच नजरानमध्ये इ. स. ५२३ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली ती यहुदी धर्म स्वीकारलेल्या यूसुफ या हिम्यरच्या राजाच्या हुकमाने, हेही आपण विसरू नये. सत्ता हाती आली की कोणत्याही धर्माच्या माणसाची परीक्षा सुरू होते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. इ. स. ६५० च्या आसपास इशोयाहब तिसरा हा कॅथोलिकोस होता. त्याची पत्रे सुदैवाने टिकून राहिली आहेत. त्यांतील एक पत्र त्याने फार्स प्रांतातील आपल्या मुख्य धर्माध्यक्षाला, शिमोनला, लिहिले. पत्रात तो मझूनच्या, म्हणजे आजच्या ओमानच्या, ख्रिस्ती लोकांबद्दल फार कळवळून आणि फार रागाने लिहितो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अरब आपल्या धर्मावर हल्ला करीत नाहीत, उलट ते आपल्या धर्माची वाखाणणी करतात, धर्मगुरूंना मान देतात, चर्चना आणि मठांना मदत करतात. मग तुमच्या मझूनच्या लोकांनी धर्म का सोडला? त्यांना धर्म ठेवायची मोकळीक होती. फक्त निम्मी मालमत्ता द्यायची होती. त्यांनी मालमत्ता ठेवली आणि धर्म दिला.

चौदाशे वर्षांनंतरही हे पत्र वाचताना मन अडखळते. कारण त्यात खरा पेच आहे. निम्मी मालमत्ता मागणे ही जबरदस्ती आहे की नाही?

इशोयाहब म्हणतो, नाही. मानेवर तलवार नव्हती. दोन वाटा खुल्या होत्या. माणसाने स्वस्त वाट निवडली. यात तथ्य आहे. किंमत द्यावी लागते म्हणून निवड नाहीशी होत नाही. आपलेच पूर्वज पाहा. कोकणात तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. आठवड्याचा एक दिवस, शनवार, घाणा बंद ठेवायचा म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. कोणी राजाने तसा हुकूम केला नव्हता, घाणा चालू ठेवला असता तर कोणी शिक्षाही केली नसती. तरी घाणा बंद राहिला, आणि शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले शनवार तेली. किंमत ठाऊक असून ती दिली गेली. म्हणून कोणी असे म्हणू शकेल की मझूनच्या लोकांनाही ती देता आली असती.

पण दुसरी बाजू ऐकून घेतली पाहिजे. निम्मी मालमत्ता म्हणजे काय, हे घर चालविणाऱ्यालाच कळते. श्रीमंताची निम्मी गेली तर त्याच्याकडे निम्मी उरते. कोळ्याच्या दोन होड्यांपैकी एक गेली, खजुराची निम्मी झाडे गेली, तर मुलीचे लग्न राहते, आजाऱ्याचे औषध राहते. शनवारचा घाणा बंद ठेवणे आणि घाणाच निम्मा कापून देणे यांत फरक आहे. मुलांच्या तोंडचा घास समोर ठेवून ‘तू मोकळा आहेस, काय ते ठरव’ असे म्हणणाऱ्याने मोकळीक दिली असे कसे म्हणावे? ज्याने अशी अट घातली त्याने बळ वापरले नाही, पण तराजूच्या एका पारड्यात हात मात्र ठेवला. इतके कबूल करून पुढे गेले पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शनवारी घाणा बंद असे तो एकट्या माणसाचा नव्हे. गावात आपल्या लोकांचे जितके घाणे, तितके सगळे बंद. नुकसान सर्वांचे, म्हणून ते कोणा एकाला असह्य झाले नाही. उलट मझूनच्या माणसाकडे कॅथोलिकोसचे रागाचे पत्र गेले, पण त्याच्या निम्म्या मालमत्तेचा भार उचलायला बाकीची मंडळी धावल्याचे त्या पत्रात दिसत नाही. त्या वेळी फार्स आणि कतरचे धर्माध्यक्ष खुद्द इशोयाहबशीच भांडत होते. कोण कोणाच्या हाताखाली, हा वाद चालला होता. पुढे इ. स. ६७६ मध्ये कॅथोलिकोस गिवर्गिस पहिला स्वतः दारीन बेटावर गेला आणि तेथे धर्मपरिषद भरली. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. ख्रिस्ती मुलींनी परधर्मीयांशी लग्न करू नये; आपापसातले तंटे चर्चसमोरच सोडवावेत; प्रार्थना झाल्यावर ज्यूंच्या गुत्त्यात जाऊन दारू पिऊ नये. (यावरून त्या किनाऱ्यावर आपल्या धर्मबंधूंचा कोणता धंदा जोरात होता तेही कळते!) आणि एक नियम असा की सत्ता हाती असलेल्या ख्रिस्ती लोकांनी धर्माध्यक्षाकडून डोईपट्टी मागू नये. सामान्य माणसाने मात्र ती भरायचीच होती. यावर अधिक भाष्य नको. ज्यांना ‘टिकून राहा’ असे सांगायचे, त्यांच्या खांद्यावरचे ओझे आपण किती उचलतो, हा प्रश्न सांगणाऱ्यालाही विचारता येतो, एवढेच.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण मुळात शेजारी इस्लाम वाढला नसता तर ते चर्च टिकले असते. हे तपासून पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. सहाव्या शतकाच्या मध्यावर कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले की ‘कल्लियाना’ या गावी ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा धर्माध्यक्ष इराणातून नेमला जातो. पुष्कळ अभ्यासक हे गाव म्हणजे आपले कल्याण असे मानतात. म्हणजे फैलका आणि कल्याण या एकाच मंडळीच्या दोन शाखा झाल्या. इ. स. १३२२ च्या सुमारास ओडोरिक हा इटालियन साधू ठाण्याला आला, तेव्हा त्याला तेथे नेस्तोरीय ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे आढळली. आदल्याच वर्षी तेथे चार ख्रिस्ती साधूंना मुसलमान अधिकाऱ्यांनी ठार केले होते, हे खरे. पण कॉस्मसपासून ओडोरिकपर्यंतच्या पावणेआठशे वर्षांत बहुतेक काळ या किनाऱ्यावर हिंदू राजांचे राज्य होते. तेथे ना जिझिया होता, ना निम्म्या मालमत्तेची अट. तरीही ती मंडळी वाढली नाही, आणि पुढे तीही पुसली गेली. वसई-ठाण्याचे आजचे ख्रिस्ती हे त्यांचे वारस नव्हेत. ते पोर्तुगीज काळापासूनचे. उलट त्याच सुरयानी परंपरेचे लोक केरळात मात्र आजवर टिकून आहेत. तेव्हा शेजाऱ्याची वाढ हे एक कारण असते, एकमेव कारण नसते. धर्मगुरू येईनासा होतो, मुलांना शिकवणारा राहत नाही, लग्नाला आपल्यातले स्थळ मिळत नाही, आणि घरे कमी होत जातात.

शेजाऱ्याकडून काही घेतले म्हणजे आपले गेलेच, असेही नसते. आपले वाडवडील प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत. मुंबईतली जुनी मशीद सर्वांना ठाऊक आहे. समाजातल्या धर्मकार्य करणाऱ्याला काजी म्हणत. हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आले. शब्द त्यांचे आले, पण आत शेमा आपलाच राहिला.

आता घरे कमी होत जातात म्हणजे काय होते ते पाहू. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तेथे आहे. समजा एका बेटावर चाळीस ख्रिस्ती कुटुंबे आहेत. ती मिळून एक चर्च, एक धर्मगुरू आणि एक शाळा चालवितात. दहा कुटुंबे मुसलमान झाली. त्यांनी कोणाचे काही चोरले नाही. पण चर्चचा खर्च आता तीस कुटुंबांवर आला. ज्यांना काल परवडत होते त्यांतील काहींना आज परवडत नाही. आणखी दहा गेली. उरलेल्या वीसांची मुले लग्नासाठी कोणाकडे पाहतील? जाणारा प्रत्येक जण आपल्यापुरता निर्णय घेतो, पण तो घेताना मागे राहिलेल्याची किंमत वाढवून जातो. शेवटच्या पाच घरांना जी किंमत पडते ती पहिल्या चाळीसांपैकी कोणालाही कधी पडली नव्हती. म्हणून शेवटी जाणाऱ्याला दुबळा म्हणू नये. त्याच्या पाठीवर सगळ्यांचे ओझे होते.

आपल्याला हे गणित कळायला हवे, कारण आपल्याकडे त्याचा आकडा ठरलेला आहे: दहा. मिन्यानला दहा पुरुष लागतात. गावात अकरा असताना दोघे गेले, तर उरलेले नऊ जण काही कमी श्रद्धाळू होत नाहीत. पण त्यांची सार्वजनिक प्रार्थना बंद पडते. कोकणातल्या किती गावांत हे घडले! आपण धर्म सोडला नाही, उलट धर्मासाठीच इकडे आलो, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. कोणी आपल्याला हाकलले नाही. भारतात आपल्याला कोणी धर्मासाठी छळले नाही, हे आपण जगाला अभिमानाने सांगतो. पण आणखी हजार वर्षांनी रेवदंड्याला किंवा अलिबागेला कोणी खोदकाम केले आणि त्याला हिब्रू अक्षरे असलेला दगड मिळाला, तर तोही विचारील: हे लोक कोठे गेले? यांना कोणी घालविले? आणि कदाचित तो दोष त्या बिचाऱ्या शेजाऱ्यांच्या माथी मारील, ज्यांनी आपल्याला दोन हजार वर्षे नांदू दिले. आपल्याबद्दल असा चुकीचा निकाल लागू नये असे आपल्याला वाटते ना? मग फैलकाच्या आणि अक्काझच्या बाबतीत आपणही घाईने निकाल देऊ नये.

तर मग उत्तर काय? मला ते दोन बाजूंनी दिसते.

जो वाढला, त्याचे वाढणे हा गुन्हा नव्हे. लोकांना एखादा धर्म पटतो, त्यात त्यांना आधार दिसतो, मान दिसतो; त्यांनी तो घ्यावा. अब्द अल्-कैस टोळीचा नायक अल्-जारूद हा आधी ख्रिस्ती होता, मग मुसलमान झाला. आणि पैगंबरांच्या मृत्यूनंतर अनेक टोळ्या फिरल्या तेव्हा तो नव्या धर्माशी पक्का राहिला. अशा माणसाला विकला गेला असे कसे म्हणावे? पण जो वाढला त्याच्यावर एक कर्तव्य येते: पारड्यात हात ठेवू नये. लहानांनी लहान राहण्याची किंमत आपण वाढवू नये. हे सांगताना आपण केवळ अरबांकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत नाही. भारतात आपण मूठभर होतो. येथे आपण बहुसंख्यांत मोडतो, आणि मुसलमान, ख्रिस्ती आणि द्रुझ हे येथे थोडके आहेत. काल जी अपेक्षा आपण कोकणातल्या शेजाऱ्याकडून ठेवली, ती आज त्यांनी आपल्याकडून ठेवली तर ती रास्तच म्हटली पाहिजे.

जो गेला, मग तो धर्म बदलून गेलेला असो की गाव बदलून, त्याचे जाणे हे पाप नव्हे. आपले आयुष्य कोठे आणि कसे घालवायचे हे ठरविण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्याच्या चुलीवर काय शिजत होते हे बाहेरच्याला कळत नाही. पण त्याच्या जाण्याने जो भार मागच्यांवर पडला, त्याचे देणे त्याच्या नावावर राहते. धर्म बदलून गेलेल्याने निदान मागच्यांची हेटाळणी करू नये, त्यांच्या देवळाच्या दारात काटे पेरू नयेत. गाव बदलून गेलेल्याला तर याहून बरेच करता येते. ज्या मशिदीत आपल्या वडिलांचे बार मिट्झवा झाले, तिचे कौल बदलायला, तेथील कब्रस्तानाचे कुंपण सावरायला, सणासुदीला दहा माणसे भरावीत म्हणून एखाद्या वर्षी तिकडे जायला आपल्याला कोण अडवितो? तेथे उरलेली दोन-चार घरे आपल्या सगळ्यांच्या वतीने दिवा लावून बसली आहेत. त्यांना ‘तुम्ही अजून तेथेच?’ असे विचारण्याआधी त्यांच्या तेलाचा खर्च किती होतो हे विचारले पाहिजे.

इशोयाहबच्या पत्राला मझूनच्या लोकांनी काही उत्तर दिले असते, तर ते बहुधा असेच काही असते: महाराज, आम्ही चुकलो असू, पण निम्मी मालमत्ता द्यायची वेळ आली तेव्हा तुमच्यापैकी कोणी चार आणे घालायला पुढे आला होता काय?